मधली ओळ

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली प्रार्थना, सुरू झाली की ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथपर्यंत माझा आवाज खणखणीत असायचा. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल एवढा. मग ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ ही ओळ यायची आणि माझे ओठ नुसतेच हलायचे. पुढच्या ‘आम्हांस परीक्षेत आणू नकोस’ला मी सुटलेल्या एसटीत धावत चढावं तसा पुन्हा चढायचो. शंभरेक माणसं एका सुरात बोलत असतात, त्यात एकाचं अर्धं वाक्य गळालं तर कुणाला कळणार? सात वर्षं असं चाललं.

कारण साधं होतं. धाकट्या भावाकडचं येणं मला सोडायचं नव्हतं आणि देवासमोर खोटं बोलायची छातीही नव्हती. त्या गप्प बसण्याचा मला थोडा अभिमानच होता म्हणा ना. बाकीचे काय, पोपटासारखं म्हणून मोकळे होतात. आपण निदान प्रामाणिक आहोत.

मी गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करायची, हमाली-तोलाई वजा करायची, व्यापाऱ्याकडून किती आलं, किती राहिलं हे लिहायचं, यात तीस वर्षं गेली. कॉम्प्युटर आला तरी मालक म्हणतात, ‘वहीत पण असू दे.’ तेव्हा ‘ऋण’ हा शब्द मला इतरांपेक्षा जरा जास्तच लागतो. पाप म्हटलं की कसं धूसर काहीतरी डोळ्यांपुढं येतं. ऋणाला मात्र आकडा असतो, तारीख असते.

एकदा मी पळवाट शोधून बघितली. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात ऋणं आहेत, लूकमध्ये हीच प्रार्थना येते तिथं ‘आमच्या पापांची क्षमा कर’ असं आहे. म्हटलं, चला, म्हणजे विषय पैशाचा नाही. पण लूकच्याही वाक्याचा दुसरा अर्धा भाग वाचला तर तिथं पुन्हा ऋणीच उभा! येशू ज्या अरामी भाषेत बोलत, त्या भाषेत कर्जाला आणि पापाला एकच शब्द चालतो, असं पुढं कुठंतरी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

भावाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण घराघरात असते तशीच ती आहे. त्याचं कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरच्या अलीकडं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे विजेच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं, दुकान. २०१३ साली गाळ्याचं डिपॉझिट आणि वाइंडिंग मशीन यासाठी त्यानं माझ्याकडून एक लाख ऐंशी हजार घेतले. ‘दादा, दोन वर्षांत फेडतो.’ दोन वर्षांनी त्यानं नवी बुलेट घेतली. मी काही बोललो नाही. वडिलांच्या वर्षश्राद्धासारखी प्रार्थनासभा आमच्याकडं होते, त्या दिवशी तो बुलेटवरून आला, मी अंगणात उभा होतो, तो म्हणाला, ‘चक्कर मारतोस का?’ मी म्हणालो, ‘नको, गुडघा दुखतोय.’ त्या रविवारपासून माझी ती ओळ बंद.

माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलनं हा आकडा लिहिलेला होता. दर वर्षी डायरी बदलली की नव्या डायरीच्या शेवटच्या पानावर पहिल्यांदा तो उतरवायचा, मग बाकीचे फोन नंबर. येशूचा प्रेषित पौल, त्यानं करिंथच्या मंडळीला प्रीतीबद्दल लिहिलं त्यात ‘अपकार स्मरत नाही’ असं आहे. लग्नात हमखास वाचतात. तिथला मूळ ग्रीक शब्द हिशेबातला आहे : प्रीती वाइटाची नोंद मांडत नाही, खात्यावर चढवत नाही. आणि मी तर पुढच्या वर्षीच्या वहीत बाकी ओढत होतो.

*

ऑगस्ट २०१९चा पहिला आठवडा कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. आमच्याकडं पावसाळ्यात लोक एकमेकांना ‘जेवलास का’ विचारतात तसं ‘बंधारा किती झाला’ विचारतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे शिरोलीजवळ बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. जयंती नाल्यातून पाणी उलटं शहरात चढत आलं.

संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. ‘काका, दुकानात पाणी शिरायलंय. पप्पा एकटेच हाईत. माल वर न्यायला माणसं मिळंनात.’

मी ‘आलो’ म्हणालो आणि फोन ठेवला. आणि इथंच ती गोष्ट झाली जिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. फोन ठेवता ठेवता माझ्या छातीत काहीतरी गोड पसरलं. गुऱ्हाळावर गरम काकवीचा पहिला घोट घेतला की घशापासून खाली उतरत जातो ना, अगदी तसं. मनात शब्दही आले. ‘बरं झालं. आता कळंल.’

बायकोला म्हणालो, ‘चहा टाक जरा.’

ती म्हणाली, ‘अहो, जायचं नाही का?’

‘जायचंय. चहा तरी घेऊ दे.’

तो चहा मी सावकाश प्यालो. बशीत ओतून, फुंकर मारून. एरवी मी बशीत पीत नाही. खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता, आणि मी त्या गोडव्याबरोबर बसलो होतो, जसं एखाद्या जुन्या मित्राबरोबर बसावं. पाच-सात मिनिटं असतील. मग रेनकोट चढवला आणि निघालो.

दुकानात पोचलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत आलं होतं. लाइट नव्हती. भाऊ मोबाइलची बॅटरी दातांत धरून एक पाच एचपीची मोटार ओढत होता. मला बघून दातांतला मोबाइल काढून म्हणाला, ‘तू कशाला आलास दादा? गुडघा दुखतोय न्हवं तुझा?’ बुलेटच्या दिवशी मारलेली थाप त्यानं चार वर्षं खरी धरून जपली होती. मी मोटारीचं दुसरं टोक धरलं. शेजारच्या तालमीतली दोन पोरं आली. वरच्या मजल्यावरच्या जिन्यात आम्ही एकेक मोटार चढवत होतो. वार्निशचा, ओल्या मातीचा आणि गटाराचा मिळून एक वास होता. रात्री साडेअकराला पाणी छातीला लागलं तेव्हा थांबलो. तांब्याच्या तारेची रिळं वर गेली होती. वाइंडिंग मशीन मात्र खालीच राहिलं, ते जमिनीला बोल्टनं आवळलेलं होतं. माझ्याच पैशाचं मशीन.

जिन्यात धापा टाकत बसलो असताना भाऊ त्या पोरांना म्हणाला, ‘आमचा दादा म्हंजे देवमाणूस हाय.’

मी मान खाली घातली. पोरांना वाटलं, विनय.

त्या रात्री आम्ही किती मोटारी वर नेल्या ते मला आजही पाठ आहे. एकवीस. पुराच्या पाण्यातही आकडे मोजणं सुटलं नाही. कुठंतरी वाटत असणार की त्याही कधीतरी नावे टाकता येतील.

*

लहानपणी आम्हाला हे सगळं फार सोपं करून सांगितलं होतं. संडेस्कूलच्या बाईंनी फळ्यावर एक मोठं हृदय काढलं होतं, डाव्या बाजूला शेपटीवाला सैतान, उजवीकडं पंखवाला देवदूत. आम्ही कोल्हापूरची पोरं, आम्हाला ते चित्र बघताक्षणी कळलं. हा तर कुस्तीचा हौदा! वडील आम्हाला दोघांना खासबागेत घेऊन जायचे. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून पूर्ण केलेलं ते मैदान. कुठंही बसा, मधली लाल माती सगळीकडून दिसते. भाऊ वडिलांच्या खांद्यावर, मी कठड्याशी. त्यामुळं बरेवाईट यांची झुंज म्हटलं की डोळ्यांपुढं दोन उघडीबंब शरीरं, खडाखडी, डाव, प्रतिडाव, आणि शेवटी एकाची पाठ मातीला. निकाली कुस्ती. बरोबरीत सोडवलेली कुस्ती वडिलांना आवडायची नाही. परतीच्या वाटेवर पंचांना शिव्या.

ते चित्र किती चुकीचं आहे हे कळायला मला पन्नाशी लागली. ख्रिस्ती श्रद्धेत सैतान हा देवाच्या जोडीचा पैलवान नाहीच मुळी. तोही निर्माण केलेला, पडलेला. दोन गटांतली ही कुस्ती लागूच शकत नाही. जगात प्रकाशाचं आणि अंधाराचं अशी दोन तुल्यबळ राज्यं आहेत, असं म्हणणारे लोक होते, मानी नावाच्या इराणी गुरूचे अनुयायी. पुढं मोठा ख्रिस्ती धर्मपंडित झालेला संत ऑगस्टीन उमेदीची नऊएक वर्षं त्यांच्यात होता. त्याला त्यातलं काय आवडलं हे त्यानं नंतर कबूल केलंय : पाप करणारा मी नव्हे, माझ्यात शिरलेलं दुसरंच काहीतरी ते करतंय, असं मानलं की आपण सुटलो. आमची आजी असंच म्हणायची, ‘त्याच्यात सैतान शिरलाय, पोरगं वाईट न्हाई.’ आजी नातवांना वाचवायला म्हणायची, तिचं समजू शकतो. मी स्वतःबद्दल तसं म्हणू लागलो तर कठीण आहे. तो चहा सैतानानं नाही प्यायला. साखरही मीच जास्त मागितली होती.

याच ऑगस्टीननं सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळं होती. चोरलेली बरीचशी डुकरांपुढं टाकली. पुढं बिशप झाल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, तो या टोपलीभर फळांवर पानंच्या पानं लिहितो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. एवढा मोठा माणूस, आयुष्यात याहून मोठी पापं केलेली, आणि घोकतोय काय तर नासपती? पुरानंतर पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. त्याला छळत होती ती चोरी नव्हे, चोरीत आलेली मजा. कशाचाही फायदा नसताना वाईट गोड का लागावं? माझा त्या पुरात एक रुपयाचा फायदा नव्हता. उलट दुकान बुडालं तर माझे पैसेही बुडणार होते. कुठलाही दिवाणजी सांगेल की देणेकऱ्याचं नुकसान म्हणजे येणेकऱ्याचं नुकसान. तरी गोड लागलं.

आता, नुसता विचार मनात आला हे पाप का? या प्रश्नावर मी बरेच दिवस स्वतःशी वकिली केली. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा एव्हाग्रियस नावाचा संन्यासी होता. त्यानं माणसाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार पाडले; पुढं त्यातूनच सात महापापांची यादी झाली. तो म्हणतो की हे विचार येणं न येणं आपल्या हातात नाही. ते रेंगाळणार की नाही, आपल्याला पेटवणार की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. वाचून मला राधानगरी धरणच आठवलं. शाहू महाराजांच्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याचा दाब ठरावीक पातळीला गेला की दार आपसूक उघडतं, कुणी बटण दाबत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. ‘बरं झालं’ हा माझा दरवाजा नंबर एक समजा; वर्षानुवर्षं पाणी चढत होतं, उघडला. त्याला माझी संमती विचारली गेली नव्हती. इथवर एव्हाग्रियस माझ्या बाजूनं साक्ष देतो. पण पुढचं काय? चहा टाक असं मी तोंडानं म्हणालो. बशी मी घेतली. आणि दाब चढला तो कशानं? दर जानेवारीला तो आकडा नव्या डायरीत कोण लिहीत होतं? खटला तिथंच हरलो.

कॅथलिक मित्राचा अशा वेळी हेवा वाटतो. त्यांना फादरसमोर पापांच्या कबुलीची सोय आहे. गुडघे टेकायचे, सांगायचं, उठायचं. आम्ही प्रेस्बिटेरियन मिशनच्या, म्हणजे प्रोटेस्टंट, परंपरेतले. १८५२ साली रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, तिथून आमच्यासारख्या घरांचा धागा सुरू होतो. आमच्याकडं माणूस आणि देव यांच्यात खिडकी नाही, आणि म्हणून कधीकधी भिंत असल्यासारखं वाटतं. शेवटी पाळकसाहेबांकडं गेलो. सगळं सांगितलं, चहासकट. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, ‘पण तुम्ही गेलात ना पाण्यात? फळावरून झाड ओळखावं.’ मग प्रार्थना केली. निघताना त्यांनी गुळाच्या पाच किलोच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, भाव विचारला, आणि बिनरसायनाचा मिळेल का म्हणाले.

भाव सांगितला. आणि घरी येताना त्या रव्यातच अडकलो. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलीत हायड्रॉस नावाचं रसायन टाकतात. गिऱ्हाइकाला रंग हवा असतो. रानभेंडीचा रस घालून, मळी काढून, नीट केलेला गूळ थोडा काळपट निघतो आणि सौद्यात त्याला बोली कमी लागते. तीस वर्षं मी बघतोय, शेतकरी सांगतो ‘साहेब, चव बघा’, आणि खरेदीदार रंग बघतो. पाळकसाहेबांनी रंग बघितला, असं मला वाटलं. पाण्यात गेलो हे खरंच. पण गेलो तो भाऊ म्हणून गेलो, की मोठा म्हणून मिरवायला, की आपल्या एक लाख ऐंशी हजारांचं मशीन वाचतंय का बघायला? तिन्ही. कुठलं किती, ते मला वेगळं काढता येईना. आधण उकळत असताना मळी वर येते ती झाऱ्यानं काढता येते. पाकात विरघळलेला हायड्रॉस कुठल्या झाऱ्यानं काढणार?

पौल रोमच्या मंडळीला लिहितो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि जे वाईट नको असतं तेच होतं. हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय आणि दर वेळी मान डोलावलीय. विद्वानांचा वाद आहे की हे बोलणारा ‘मी’ विश्वास ठेवण्याआधीचा की नंतरचा. ऑगस्टीननंच आधी एक म्हटलं आणि म्हातारपणी मत बदललं, हे पौलाचं विश्वासातलं आयुष्यसुद्धा आहे असं म्हणाला. मला ऑगस्टीनचं म्हातारपणच पटतं. पण पौलाबद्दल माझी एक तक्रार आहे, लहान तोंडी मोठा घास. त्याचं चांगलं आणि वाईट निदान वेगवेगळं तरी आहे. चांगलं करायचं होतं, वाईट झालं. माझ्या बाबतीत चांगलंच झालं की! एकवीस मोटारी वाचल्या. ज्या हातांनी बशी धरली त्याच हातांनी. आता रडायचं कशावर?

आमच्या शेजारच्या काकू, दर नवरात्रात अंबाबाईचं दर्शन घेऊन आल्या की प्रसाद आमच्याकडं देतात आणि नाताळला आमच्या करंज्या नेतात. त्यांनी एकदा मला कोल्हासुराची गोष्ट सांगितली. देवीनं त्याला मारलं तेव्हा मरता मरता त्यानं मागणं मागितलं की या गावाला माझं नाव राहू दे. देवी ‘तथास्तु’ म्हणाली. ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या यात्रेत अजून कोहळा फोडतात, पण गावाचं नाव राहिलं ते राक्षसाचं. काकू म्हणाल्या, ‘बघा की, जिंकली ती, आणि पाटी त्याची.’ मी हसलो. माझ्या धर्मातली गोष्ट नाही ती. पण ‘देवमाणूस’ ही पाटी छातीवर लावून फिरणाऱ्या मला त्या रात्री झोप लागली नाही. माझ्याकडं नेमकं उलटं झालं होतं.

*

पुढचं घडलं ते देवाच्या विनोदबुद्धीचं काम असावं. पूर ओसरला. पंचगंगेच्या काठानं शेतकऱ्यांचे जेवढे म्हणून विद्युतपंप होते ते सगळे दिवसच्या दिवस पाण्याखाली होते. शहरातल्या तळघरांतल्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, लेथ, सगळं गाळात. आणि ते सगळं रिवायंडिंगला आलं. भावाच्या दुकानासमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या राहिल्या. चिखलानं भरलेले स्टेटर, म्हणजे मोटारीतले न फिरणारे भाग, धुवायचे, वाळवायचे, जळकी कॉइल ओढून काढायची, नवा इन्सुलेशन पेपर, नवी तार, वार्निश. त्यानं दोन कारागीर ठेवले, रात्रपाळी सुरू केली. ज्या पुराच्या बातमीवर मी बशीतून चहा प्यालो, त्या पुरानं त्याला उभं केलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पैसे परत यायची वेळ जवळ आली होती. पण खरं सांगतो, मला काहीतरी हातचं सुटतंय असं वाटायला लागलं. तो बुडीत होता तोवर मी कोणीतरी होतो. कौटुंबिक बैठकीत माझा शब्द शेवटचा असायचा. मी कधी त्या पैशांबद्दल बोललो नाही, आणि बोललो नाही याचंच वजन होतं.

येशूच्या दृष्टांतातला तो चाकर मला याच सुमारास नीट भेटला. राजाचे दहा हजार तालांत देणं लागणारा, राजानं सगळं माफ केलेला, आणि बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरणारा. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे असे सहा हजार दिनार. दुपारी दुकानात सौदे संपल्यावर सामसूम होती, कॅल्क्युलेटर पुढंच होता. दहा हजार गुणिले सहा हजार, सहा कोटी. भागिले शंभर, सहा लाख. म्हणजे त्याला माफ झालेलं कर्ज त्यानं गळा धरलेल्या कर्जाच्या सहा लाख पट. मग माझा आकडा घालून बघितला. एक लाख ऐंशी हजार गुणिले सहा लाख. दहा हजार आठशे कोटी. कॅल्क्युलेटरवर आकडा मावेना म्हणून कागदावर केलं. हमाल डोकावून म्हणाला, ‘कुणाची पट्टी वो येवढी?’ मी कागद चुरगाळला.

२०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला, बंधाऱ्यावर २०१९पेक्षाही वर. या वेळी भावानं दोन दिवस आधीच सगळं वर चढवलं होतं, मशीन बोल्ट काढून. त्याचा फोन आला, ‘दादा, येऊ नकोस, सगळं सेफ हाय.’ फोन ठेवल्यावर मी स्वतःला चाचपून बघितलं. दात दुखायचा थांबला तरी जीभ सारखी तिथं जाते ना, तसं. गोड वाटतंय का? नाही वाटलं. वाईट वाटतंय का, की नुकसान झालं नाही? हा दुसरा प्रश्न मी स्वतःला विचारायलाच नको होता.

प्रार्थनेची शेवटची विनंती ‘आम्हांला वाईटापासून सोडव’ ही आहे. मूळ ग्रीकात तो शब्द असा आहे की ‘वाईटापासून’ असंही वाचता येतं आणि ‘त्या दुष्टापासून’ असंही. सैतान म्हणजे बाहेरचा कुणी दुष्ट असेल तर दार लावून घेता येतं. म्हणून मला ‘वाईटापासून’ हेच भाषांतर जास्त घाबरवतं. दार लावून आत बसलो, तर आत कोण?

*

२०२२च्या मार्चमध्ये, उपवासकाळ चालू असताना, भावानं दुकानावर बोलावलं. एका प्लास्टिकच्या पिशवीत पाचशेच्या तीन गड्ड्या आणि साठ सुट्ट्या नोटा.

‘उशीर झाला दादा. लई उशीर झाला.’

वाटेत मी ठरवून आलो होतो. पैसे घ्यायचेच नाहीत. ‘राहू दे, पोराच्या शिक्षणाला लाव’ असं म्हणायचं, गाडीवर बसायचं आणि निघायचं. वाक्य पाठ केलं होतं. स्टेशन रोडच्या सिग्नलला ते म्हणूनही बघितलं. तेव्हाच कळलं की ते म्हणताना मी त्याचा चेहरा कसा होईल ते बघतोय.

पिशवी हातात आली. नोटांना वार्निशचा वास येत होता, आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. निघालं ते असं, ‘पावती-बिवती नको ना?’

तो हसला. ‘मोजून घे.’

‘कशाला मोजायचं? घरचेच पैसे.’

‘मोज की, दिवाणजी हाईस.’

मी स्टुलावर बसलो. अंगठ्याला थुंकी लावली आणि मोजले. तीन गड्ड्या, साठ सुट्ट्या. बरोबर होते. मग, कशासाठी ते अजून सांगता येत नाही, पुन्हा एकदा मोजले. तो समोर एका स्टेटरच्या खाचांत कागदाच्या पट्ट्या सरकवत होता. मान वर केली नाही. दुसऱ्यांदा मोजून होईपर्यंत त्याच्या आठ पट्ट्या बसल्या.

घरी येऊन डायरीच्या शेवटच्या पानावरचा आकडा खोडरबरानं पुसला. पेन्सिलचा होता म्हणून पुसला गेला. कागदावर दाब मात्र राहिला, तिरपं धरलं की वाचता येत होतं.

त्या रविवारी भाऊ आमच्या पुढच्या बाकावर होता. प्रार्थना सुरू झाली. भाकर झाली. आणि ती ओळ आली तेव्हा माझा आवाज आपोआप चालूच राहिला. खणखणीत. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.’ म्हणून झाल्यावर लक्षात आलं की मी ऋण सोडलं कुठं? ते तर फिटलं होतं, रोख, दोनदा मोजून. सात वर्षं ज्या वाक्यापाशी थांबलो, ते खरं करायची संधी त्या पिशवीत होती, आणि ती आता परत येणार नव्हती. आणि वाक्य मात्र तोंडात मोकळं झालं होतं.

बाहेर आल्यावर सगळ्यांशी सलाम-दुवा झाला. भाऊ बुलेट काढत होता, त्यानं हात केला. मी स्कूटरचं हँडल लॉक काढत होतो. बायको पदर सावरत मागं बसली आणि हळूच म्हणाली, ‘आज मधली ओळ ऐकू आली तुमची.’

‘कुठली?’ मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. मी किक मारली, पण गाडी पहिल्या किकला सुरू झाली नाही.